ओशाकान: आर्मेनियातल्या या गावात लिपी घडवणाऱ्याची कबर आहे

आर्मेनियाची राजधानी येरेवानच्या वायव्येला, कासाख नदीच्या काठावर ओशाकान हे जुनं गाव आहे. इथल्या मुख्य चर्चमध्ये वेदीखाली एक तळघर आहे. आर्मेनियन लिपी तयार करणारे मेस्रोप माश्तोत्स यांची कबर तिथे आहे.

लिपीची गरज का पडली?

आर्मेनियाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. पण धर्मग्रंथ होते ग्रीक आणि सिरियाक भाषांत. चर्चमध्ये काय वाचलं जातंय, हेच सामान्य माणसाला कळत नव्हतं. त्यात 387 च्या सुमारास रोम आणि पर्शियाने देश आपापसांत वाटून घेतला. राज्य हातचं जात असताना भाषा टिकवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला.

राजदरबारातली नोकरी सोडून भिक्षू झालेल्या माश्तोत्स यांनी 405 च्या सुमारास 36 अक्षरांची लिपी तयार केली. (आणखी अक्षरांची भर मध्ययुगात पडली.) भाषांतराला सुरुवात झाली ती बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकापासून. 428 मध्ये राजेशाही संपली, पण लिपी तोवर रुजली होती. पुढे आर्मेनियन व्यापारी जिथे गेले तिथे ती सोबत गेली. या भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक 'आझ्दारार' 1794 मध्ये चक्क आपल्याकडे, मद्रासमध्ये निघालं.

कबर ओशाकानलाच का?

माश्तोत्स 440 मध्ये वारले ते वाघार्शापात इथे. अमातुनी घराण्यातले सरदार वाहान यांनी त्यांचा देह ओशाकानला आणला आणि 443 मध्ये कबरीवर चर्च उभारलं. आज दिसणारी इमारत मात्र 1875 ते 1879 या काळातली आहे. त्यामुळे पाचव्या शतकातलं बांधकाम बघायला आलेल्यांची थोडी निराशाच होते.

जुना दगड पाहायचा असेल, तर गावातल्याच मांकानोत्स चर्चकडे जावं. सातव्या शतकातलं हे चर्च अगदी लहान आहे. त्याच्या शेजारी एक दगडी स्तंभ आहे आणि लोककथा त्याचा संबंध थेट बायझंटाईन सम्राट मॉरिसशी जोडतात. नदीवर 1706 मधला पूल आहे. 1827 मध्ये रशिया आणि पर्शियाच्या फौजांची लढाई इथेच झाली, तिचंही स्मारक आहे.

तरी बहुतेक लोक येतात ते कबरीसाठीच. ऑक्टोबरमध्ये चर्च 'पवित्र भाषांतरकारां'चा सण साजरा करतं, तेव्हा इथे गर्दी होते. मुख्य चर्चच्या आवारात माश्तोत्स यांच्या 36 अक्षरांचे कोरीव दगड उभे आहेत. मुळाक्षरं शिकणाऱ्या मुलांच्या सहली इथे येतात.