कर एडिंबराचा, कात्री लंडनची

गेल्या आठवड्यात लंडनच्या महसूल खात्याचा अवाढव्य कारभार पाहिला. आज त्याच देशातल्या एका छोट्या कार्यालयाकडे वळू. 'रेव्हेन्यू स्कॉटलंड'चा पत्ता एडिंबराच्या लीथ बंदरातला, व्हिक्टोरिया की या सरकारी इमारतीतला. १ एप्रिल २०१५ रोजी वसुली सुरू झाली तेव्हा या कार्यालयाकडे दोनच कर होते : एक जमीन-इमारतींच्या व्यवहारांवरचा, दुसरा कचरा पुरण्यावरचा.

दुसऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. क्षेपणभूमीत येणाऱ्या कचऱ्यावर टनामागे आकारणी होते, इतकेच. खरी गंमत पहिल्यात आहे.

२०१४ पर्यंत ब्रिटनभर घरखरेदीवरच्या शुल्काची तऱ्हा अशी होती, की टप्पा ओलांडला की पूर्ण किमतीवर वरचा दर लागे. अडीच लाख पौंडांच्या घराला १ टक्का, म्हणजे २,५०० पौंड. किंमत एका पौंडाने वाढली की ३ टक्के, म्हणजे ७,५००! २०१२ च्या स्कॉटलंड कायद्याने हा विषय एडिंबराकडे सोपवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉन स्विनी यांनी नवे दर मांडले. त्यांत प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या रकमेपुरताच होता. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ३ डिसेंबरला, ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी लंडनमध्ये हीच पद्धत जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसापासून लागूही केली. स्विनींचा कर तर एप्रिलमध्ये यायचा होता. जानेवारीत त्यांना आपले दर पुन्हा मांडावे लागले.

त्या दरांनुसार १,४५,००० पौंडांपर्यंत कर नाही. तीन लाखांच्या घरावर ४,६०० पौंड बसतात. पण तेच घर दुसरे असेल, तर पूर्ण किमतीवर वेगळा अधिभार. २०१६ मध्ये तो ३ टक्के होता, डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे. म्हणजे आणखी २४,००० पौंड. आपल्याकडेही मुद्रांक शुल्क राज्याचेच. पण महाराष्ट्रात खरेदीदार स्त्री असेल तर सवलत मिळते, घर कितवे हे कोणी विचारत नाही.

वसुलीची युक्ती साधी आहे. विवरणपत्र बहुतेक वेळा खरेदीदाराचा सॉलिसिटरच ऑनलाइन भरतो, आणि ते भरून कराची सोय झाल्याशिवाय मालकीची नोंद होत नाही. दारोदार फिरणारी फौज लागत नाही. शिवाय कार्यालय कोणत्याही मंत्र्याच्या हाताखाली नाही. उत्तर द्यायचे ते स्कॉटिश संसदेला. 'अमक्याचे प्रकरण जरा बघा' असा मंत्र्याचा फोन यायला कायद्यानेच वाव ठेवलेला नाही.

हे कर आखताना स्कॉटिश सरकारने ॲडम स्मिथच्या चार निकषांचा हवाला दिला. कर ऐपतीनुसार, निश्चित, भरायला सोयीचा आणि कमी खर्चात वसूल होणारा असावा, असे तो १७७६ मध्ये लिहून गेला होता. पुढे १७७८ मध्ये हाच स्मिथ एडिंबरात जकातीचा आयुक्त झाला. आयातबंदीची यादी वाचताना आपल्याच अंगावरचे गळपट्टे-रुमाल त्या यादीत बसतात हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ते जाळून टाकले. मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्याने!

आता कात्रीची गोष्ट. कर एडिंबराला दिला म्हणून लंडनने दरवर्षीच्या अनुदानातून तेवढी रक्कम कापायला सुरुवात केली. ही कपात पुढे इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधली तशाच कराची वसुली दरडोई किती वाढते, त्यानुसार बदलते. स्कॉटलंडची वसुली वाढली, पण तिकडची त्याहून वेगाने वाढली, तर एडिंबराच्या हाती येणारा फायदा आक्रसतो. उलट तिकडचा घरबाजार मंदावला, तर काही न करताही थोडे सुटते. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटत नाही, पण अवघड नक्कीच वाटते. आपल्या मेहनतीचे फळ शेजाऱ्याच्या पिकावर ठरते हे मतदाराला समजावणार कसे?

आणि सर्वांत मोठा कर, प्राप्तिकर, तर या कार्यालयाकडे नाहीच. पगारावरच्या प्राप्तिकराचे दर-टप्पे स्कॉटिश संसद ठरवते, सर्वांत वरचा दर ४८ टक्के आहे. पण गोळा करते लंडनचेच खाते. स्कॉटिश पगारदाराच्या कर-संकेतांकाआधी फक्त एक 'एस' लागतो.

या कार्यालयाच्या वाट्याला आणखी दोन कर यायचे होते. विमानप्रवासावरच्या कराचा कायदा २०१७ मध्येच झाला, पण हायलँड्स आणि बेटांवरच्या विमानतळांना मिळणाऱ्या सवलतीच्या पेचात तो रेंगाळला. खडी-वाळूवरच्या कराचा कायदा २०२४ चा. त्याच्या वसुलीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली.

(पुढील आठवड्यात : वेल्स)