मातेचे औषध आणि बाळाचे दूध

बाळंतिणीला ताप भरला, टाक्यांची जखम चिघळली किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, की डॉक्टर प्रतिजैविक औषध लिहून देतात; आणि घरात लगेच प्रश्न उभा राहतो, अंगावर पिणाऱ्या बाळाला हे औषध बाधणार तर नाही? पुष्कळ घरांत कोणालाही न विचारता निर्णय होतो. एक तर बाळाचे दूध तोडले जाते, नाही तर आई गोळ्या टाळते. हे दोन्ही उपाय बहुधा अनावश्यक असतात, आणि धोका मात्र दोहोंतही असतो.

आईच्या पोटात गेलेले औषध रक्तात मिसळते व त्याचा काही अंश दुधात उतरतो, हे खरे. परंतु प्रश्न असतो तो प्रमाणाचा. दोघांच्या वजनाचा हिशेब करून, बाळाला दुधावाटे मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या शेकडा १० हून कमी असेल, तर ती सामान्यतः चालण्याजोगी मानतात. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा १ च्या आसपासच असते. पुण्याजवळच्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ सालापासून जे तयार होऊ लागले ते पेनिसिलिन, तसेच अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफॅलेक्सिन ही औषधेही स्तनदा मातेला सुरक्षित समजली जातात. अ‍ॅम्पिसिलिन तर आजारी नवजात बाळांना प्रत्यक्ष टोचतातही.

अशा औषधांमुळे बाळाला क्वचित पातळ शौचास होते किंवा तोंडात पांढरा बुरा धरतो. एवढ्यावरून दूध थांबविण्याचे कारण नाही. अंगावर पुरळ उठले, शौचातून रक्त पडले किंवा बाळ पिईनासे झाले, तर मात्र त्याला तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

सर्वच औषधे सारखी निर्धोक नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. क्लोरॅम्फेनिकॉल शक्यतो टाळतात. टेट्रासायक्लिन थोडे दिवस चालते. दीर्घकाळ घेणे इष्ट नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कावीळ झालेल्या बाळाच्या आईला सल्फा जातीची औषधे देत नाहीत. मेट्रोनिडॅझोलची २ ग्रॅमची मात्रा एकदम घ्यावयाची असेल, तर १२ ते २४ तास दूध काढून टाकण्यास सांगतात. म्हणून आपण बाळाला पाजतो, बाळ किती दिवसांचे आहे, ते पुऱ्या दिवसांचे होते की नाही आणि त्याला कावीळ आहे काय, हे आईने डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

दूध साकळून स्तनाला सूज येते व ताप चढतो, तेव्हा तर हा विवेक अधिकच आवश्यक असतो. पाजणे बंद केले, तर दूध आणखी तुंबते व गळू होण्याची भीती वाढते. अशा वेळी दुखऱ्या बाजूनेही पाजत राहणे आणि सांगितलेले औषध पूर्ण घेणे, हाच योग्य उपचार होय.

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चार दिवस तोडलेले दूध पुन्हा पूर्ववत येईलच, असा भरवसा नसतो. आणि वरच्या दुधाबरोबर अस्वच्छ पाणी व बाटली आली, की हगवणही येते. तेव्हा औषध आपल्या मनाने घेऊ नये, आणि दूधही आपल्या मनाने तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचा रोगही बरा होतो आणि बाळाच्या तोंडचे दूधही राहते.