आवाज असूनही न वापरणारे

काही कर्णबधिर व्यक्ती, स्वरयंत्र सर्वथा निर्दोष असूनही, बोलत नाहीत. हा हट्ट नव्हे. ज्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही त्याने त्याची पट्टी राखावी तरी कशी? शिवाय दोन वाक्ये स्पष्ट उच्चारली, की समोरचा ‘याला ऐकू येते’ असा परस्पर निवाडा करून भरभर बोलू लागतो. पण याहून खोल कारण इतिहासाच्या दफ्तरात आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतीच श्रेष्ठ असा ठराव मंजूर केला, आणि पुढे युरोप-अमेरिकेतील कित्येक शाळांतून खुणांच्या भाषेस मज्जाव होऊन, मुलांचे बालपण ज्ञानार्जनाऐवजी उच्चारांच्या कवाइतीत खर्ची पडले. मिलानचा तो ठराव व्हँकुव्हर येथे भरलेल्या याच विषयावरील परिषदेने फेटाळला, तेही २०१० साली! अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना इंग्रजीहून सर्वस्वी स्वतंत्र आहे, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० साली सप्रमाण मांडले. साहजिकच हात आणि ओठ एकाच वेळी चालवू गेल्यास दोन्ही भाषांची मोडतोड होते. अर्थात आनंदाने बोलणारे बधिरही पुष्कळ आहेत. पण बोलावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तेव्हा ‘जरा बोलून दाखवा’ अशी फर्माईश कृपा करून करू नये. कागद-पेन्सिल पुढे करावी.