कंगवा बदनाम, उवा आबाद

दिवाळीच्या सुट्टीला पोरगी घरी आली की आईचा हात आधी तिच्या डोक्यात जातो. पोरगी लातूरच्या खासगी होस्टेलवर नीटच्या तयारीला राहिलेली असो की किनवटच्या आश्रमशाळेतली, कानामागे लिखा सापडल्या की प्रश्न एकच : ‘‘कुणाचा कंगवा वापरलास गं?’’

कंगवा निर्दोष नाही. ऊ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. केस धरून चालणं तेवढं जमतं. कंगव्यात गुंतलेल्या केसांबरोबर, रिबिनीतून, ओल्या टॉवेलातून ती दुसऱ्या डोक्यावर जाऊ शकते. पण रक्त मिळालं नाही तर एक-दोन दिवसांत मरते. तिचा हमरस्ता म्हणजे डोक्याला डोकं लागणं. आणि वसतिगृहात ते कधी लागत नाही? गाद्या जोडून झोपायचं, एका मोबाइलवर चौघींनी वाकायचं, सकाळी घाईत एकमेकींच्या वेण्या घालायच्या. जिचा कंगवा उसना घेतला, तिच्याच शेजारी रात्री झोपलेलं असतं. आळ मात्र कंगव्यावर येतो.

आळ येतो तोही उशिरा. खाज उवेच्या लाळेमुळे सुटते, आणि पहिल्याच खेपेला ती जाणवायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. जूनमध्ये डोक्यात आलेली ऊ जुलैअखेरीस कळते. मादी दिवसाला सहा-आठ अंडी घालते, तोवर अख्खी खोली खाजवू लागते.

मग मुलीला ‘घाणेरडी’ ठरवून केस कापायला लावतात. हे मला निव्वळ दुष्टपणाचं वाटतं. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ऊ तितक्याच सुखाने राहते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे मुद्दाम सांगायला हवं : उवा झाल्या म्हणजे पोर अंघोळ टाळते, असं नसतं.

घरगुती उपायांत सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे हमखास निघते. ती उवा मारते खरी, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. घासलेट आणि फवारणीचं औषध तर डोक्याजवळही नेऊ नये. डॉक्टर साधारणपणे एक टक्का परमेथ्रिनचं लोशन देतात. दहा मिनिटं ठेवून धुवायचं, मग बारीक दातांची फणी फिरवायची. चादरी-टॉवेल कढत पाण्यात भिजवायचे. रिबिनी, कंगवे ज्याचे त्याने.

तिघीच खाजवतात म्हणून तिघींचीच डोकी बघून भागत नाही. खोलीतल्या सगळ्या एकाच दिवशी तपासाव्या लागतात. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून नऊ दिवसांनी पुन्हा लोशन. रविवारी पहिली पाळी झाली तर दुसरी पुढचा रविवार ओलांडून मंगळवारी येते. त्या दिवशी सकाळी क्लास असतो, बाटली संपलेली असते आणि खाज थांबल्यामुळे रेक्टरबाईंकडे कुणी तक्रारही करत नाही.