तुरुंगातून सुटलेला ‘अणू’

चिनी आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. भारत संरक्षण कायद्याखालील स्थानबद्धांना जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाटही राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी सरकारच्याच परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ पदार्थविज्ञानाचा, मूलकणांचा. तरीही हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायला राज्य सरकारने १९६५ मध्ये नकार दिला. एका विज्ञानग्रंथाने देशाला कोणता धोका होता, हे आजही कळत नाही.

संझगिरी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर पाठवण्याचा आदेश दिला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक छापण्याची सवलत नाही, म्हणजे तो हक्कच नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. मग जेवणाची अट नसेल, तर स्थानबद्धाला उपाशी ठेवणार का, या अंगाने न्या. सुब्बा राव यांनी तो खोडून काढला. नियमांत नसलेले निर्बंध लादता येत नाहीत आणि अशा मनमानीला राष्ट्रपतींच्या आदेशाचे संरक्षण नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली होती. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही.