तेल खाणारी बुरशी

पावसाळ्यात परसातल्या जुन्या ओंडक्यावर भूछत्रे उगवतात. पाच-सहा पावसाळे गेले की तो ओंडका बोटाने चुरावा इतका भुसभुशीत होतो. कुऱ्हाडीला दाद न देणारे लाकूड बुरशीने पचविलेले असते. हीच बुरशी जमिनीत सांडलेले तेलही पचवू शकते, असे सांगितले तर श्रोत्यांना नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे, आणि मुसळगाव व माळेगावच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सिन्नरकरांनी ती समजून घ्यावयास हवी.

लाकडाला कठीणपणा येतो तो लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे. ते कार्बनच्या कड्या एकमेकींत गुंतून झालेले असते. डिझेल काय किंवा भट्टीत जाळावयाचे जाड तेल काय, त्यांतही कार्बनच्या साखळ्या आणि कड्याच असतात. आपण अन्न आधी गिळतो, मग पचवितो. बुरशीचे उलट आहे; ती आधी पचविते, मग खाते. तिचे बारीक तंतू आपला पाचकरस बाहेर सोडतात. लिग्निन फोडणारा हा रस फारसा चोखंदळ नसतो. समोर लाकडाची कडी आहे की तेलाची, हे न पाहता तो ती तोडू लागतो. आपण बाजारातून आणतो ती धिंगरी अळंबी याच जातकुळीची.

तेल खाणारे दुसरे जीव म्हणजे जंतू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले आणि किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली. त्या वेळी दिल्लीच्या टेरी या संस्थेने तयार केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जंतूंचे मिश्रण किनाऱ्यावर वापरण्यात आले. जंतूंना पाण्याची सोबत लागते. बुरशीचे तंतू मात्र मातीच्या कोरड्या फटींतूनही पुढे सरकतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९९८ च्या सुमारास मालमोटारींच्या दुरुस्तीच्या आवारातील डिझेलने माखलेल्या मातीत धिंगरीचे बियाणे मिसळून पाहिले. काही आठवड्यांत त्या ढिगावर अळंबी उगवली, आणि मातीतले तेल पुष्कळ उतरलेले आढळले.

येथे गव्हाचा भुसा आपल्याकडे उदंड आहे, आणि धिंगरीला तो मानवतो. तेव्हा उद्याच आवारात भुसा पसरावा, असे कोणास वाटेल. पण थोडे थांबावे. बुरशीला ओल, हवा आणि बेताची उष्णता लागते. सिन्नरच्या चैत्र-वैशाखात ती उघड्यावर तग धरणार नाही. प्रयोगात दिसलेला वेग मैदानात मिळेलच असे नाही. शिवाय यंत्रातून काढलेल्या तेलात धातूंचे अंश असतात. धातू ही काही कार्बनची कडी नव्हे. बुरशी ती तोडू शकत नाही, उलट आपल्या अंगात साठविते. म्हणून अशा ढिगावरची अळंबी कोणीही खाऊ नये, गुरांनाही घालू नये. आधी व नंतर मातीची तपासणी झाल्यावाचून ‘जमीन शुद्ध झाली’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

माझी चिंता निराळीच आहे. बुरशी तेल खाते हे ऐकून एखादा मालक म्हणेल, ‘मग सांडू द्या.’ जे तेल मातीत मुरते ते आधी कामगाराच्या हातांवरून गेलेले असते, आणि पुढे शेजाऱ्याच्या विहिरीकडे निघते. कातडीचे रोग त्याच्या वाट्याला, नासलेले पाणी शेतकऱ्याच्या वाट्याला. वापरलेले तेल परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्याकडेच द्यावे, असे २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम सांगतात. यंत्राखाली पत्र्याची थाळी, तेलाला झाकणाचे पिंप, कामगाराला हातमोजे आणि साबण: ही मागणी अवघड नाही. जे पूर्वीच सांडून गेले आहे, त्यासाठी बुरशीला जरूर कामाला लावावे. पण आपल्या निष्काळजीपणाची वेठ तिच्यावर लादू नये.