घरातल्या सामानातून चिकटवही : पान नजरेत भरावं आणि नावंही राहावीत

कतारगाम (सुरत) : सुरतेतली खान्देशी वस्ती म्हटली की उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावं आधी येतात. पण कतारगामच्या हिरे कारखान्यांच्या आणि एम्ब्रॉयडरी खात्यांच्या आसऱ्यानेही नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबं राहतात. या घरांमध्ये फोटोंची अवस्था साधारण सारखीच असते. जुने फोटो पत्र्याच्या पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत, नवे सगळे मोबाइलमध्ये. गावाकडच्या फोटोतल्या माणसांची नावं घरात एखाद्या आजीलाच माहीत. मुलं शाळेत गुजराती बोलतात आणि फोटोतला तो मुंडासेवाला माणूस आपला कोण लागतो, हे त्यांना सांगता येत नाही.

यावर एक सोपा आणि स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे चिकटवही. इंग्रजीत जिला स्क्रॅपबुक म्हणतात, तीच ही. बाजारात तिचं तयार सामान मिळतं, पण महाग पडतं. सुरतेत त्याची गरजही फारशी नाही. रंगीत कागद, लेस, टिकल्या, जरी यांचे उरलेले तुकडे इथे घरोघरी असतात. प्रश्न एवढाच, की हे पानावर मांडायचं कसं?

आधी वही

स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंग शीट मिळते. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची असते. लांबीचे चार आणि रुंदीचे दोन भाग केले, की साडेसात बाय अकरा इंचांची ८ पानं निघतात. हा आकार ए-फोर कागदाच्या जवळपासचा आहे. लॅबमधून येणारा ४ बाय ६ इंचांचा फोटो त्यावर नीट बसतो आणि लिहायलाही जागा राहते. पानांना पंचने भोकं पाडून जाड दोऱ्याने किंवा नाडीने सैल बांधावं. घट्ट बांधलं तर लेस-टिकलीने फुगलेली पानं उघडत नाहीत.

घरात काय सापडतं?

साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा, साडीच्या घडीत घातलेला कागद, लग्नपत्रिका, लेसपट्टीचे तुकडे, ब्लाउजपीसच्या कडा, राख्या, कॅलेंडरची पानं, मुलांचे उरलेले पासपोर्ट फोटो एवढं तर बहुतेक घरांत असतंच. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो आणि त्यावर सोनेरी नक्षी आयती छापलेली असते. ती कापताना देवाचं चित्र मधून कापलं जाऊ नये, एवढं बघावं. घरातल्या मोठ्यांना ते खटकतं.

हिरे ज्या घडीच्या कागदी पुडीत ठेवतात, ती कतारगाममध्ये घरोघरी माहीत आहे. गुजरातीत तिला पडीकुं म्हणतात. कोऱ्या कागदाची तशीच पुडी घडी करून पानावर चिकटवली, की छान खिसा तयार होतो. बाळाच्या जावळाची बट, शाळेचा बिल्ला किंवा जुनी चिठ्ठी त्यात राहते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. साडीवर टिकली-स्टोन लावायचं काम घरी आणलं असेल, तर तो माल मोजून दिलेला असतो. त्यातलं काही वापरायचं तर शेठला विचारूनच.

पान भरण्याआधी एक फोटो ठरवा

नवखा माणूस हमखास एक चूक करतो. जेवढं सामान आहे तेवढं सगळं एकाच पानावर लावतो. मग टिकल्या दिसतात, लेस दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून प्रत्येक पानाचा एक मुख्य फोटो आधी ठरवावा. बाकी सगळं त्याच्याकडे नजर नेण्यासाठी.

त्यासाठी चार गोष्टी पुरतात.

पहिली, जागा. पानाच्या उभ्या आणि आडव्या तीन-तीन पट्ट्या मनात पाडा. त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे मुख्य फोटोतला चेहरा आला तर नजर लगेच तिकडे जाते. फोटो बरोबर मध्ये ठेवला की पान ओळखपत्रासारखं दिसतं.

दुसरी, मागची पट्टी. फोटोपेक्षा चहूबाजूंनी पाव इंच मोठा कागद फोटोखाली ठेवा. फोटो गडद असेल तर कागद फिका, फोटो फिका असेल तर कागद गडद.

तिसरी, रंग. रंग फोटोतूनच उचला. फोटोतल्या मावशीचं लुगडं हिरवं असेल तर हिरव्या लेसचा तुकडा शोधा. पानाच्या मूळ पांढऱ्या रंगाशिवाय दोन रंग बस झाले.

चौथी, सजावट. टिकल्या, फुलं, राखीचे तुकडे तीन ठिकाणी लावा, असे की ते जोडले तर फोटोभोवती त्रिकोण होईल. पानाचा निदान एक कोपरा रिकामा सोडा.

काहीही चिकटवण्याआधी सगळं नुसतं मांडून बघावं आणि मोबाइलवर फोटो काढावा. तो फोटो ब्लॅक-अँड-व्हाइट करून पाहिला, की मुख्य फोटो उठून दिसतो की बाजूच्या कागदात हरवतो ते लगेच कळतं.

करून बघण्यासारखी तीन पानं

*कानबाईचं पान.* श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजत-गाजत विसर्जन होतं. सुरतेतले खान्देशीही हा सण मोठ्या उत्साहाने करतात. या पानावर कानबाईचा एक फोटो मोठा ठेवावा. रोट, आरती, मिरवणूक यांचे फोटो अर्ध्या आकारात कापून खाली एका ओळीत लावावेत. दोन फोटोंमधली फट सगळीकडे सारखी ठेवायला मधे पेन्सिल धरायची. पेन्सिलच्या जाडीएवढी फट डोळ्याला बरी दिसते.

*दोन राज्यांचं पान.* सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे. सुमारे ८०० मीटरपैकी ३०० मीटर महाराष्ट्रात आणि ५०० मीटर गुजरातमध्ये. हद्दीवरच्या बाकावर बसून काढलेला फोटो अनेकांच्या मोबाइलमध्ये असतो. हे पान आडवं धरावं आणि त्याच प्रमाणात वाटून घ्यावं. अकरा इंचांपैकी साधारण ४ इंच गावाची बाजू, ७ इंच सुरतेची. एका बाजूला ड्रॉइंग शीटचा पांढरा रंग, दुसऱ्या बाजूला साडीच्या घडीतला रंगीत कागद. बाकावरचा फोटो बरोबर हद्दीवर ठेवायचा. लहान बाजूला गावचं घर, मोठ्या बाजूला इथली खोली. घर सोडून आल्याची गोष्ट या एका पानात येते.

*आजीचं पान.* एकच फोटो, फार तर एक लेसपट्टी, आणि उरलेलं पान लिहिण्यासाठी. माहेर कुठलं, आखाजीला झोक्यावर कोण कोण असायचं, सुरतेला पहिल्यांदा कधी आली, हे तिला विचारून तिच्याच शब्दांत लिहावं. ती अहिराणी बोलत असेल तर अहिराणीतच लिहावं. तिचं बोलणं सुधारून पुस्तकी मराठी केलं की त्यातून आजीच निघून जाते.

फोटो खराब होऊ नये म्हणून

पान चांगलं दिसणं वेगळं आणि टिकणं वेगळं. जुन्या फोटोची दुसरी प्रत नसते, म्हणून मूळ फोटोला कधीही गोंद लावू नये. मोबाइलवर नीट फोटो काढून लॅबमधून प्रत काढावी आणि ती कापावी-चिकटवावी. मूळ फोटोच लावायचा असेल तर कागदी कोपरे करावेत. २ बाय ४ सेंटीमीटरची पट्टी घ्या, लांब बाजूच्या मध्यापासून दोन्ही टोकं खाली तिरकी दुमडा, त्रिकोणी टोपी तयार होते. अशा चार टोप्या फोटोच्या कोपऱ्यांत घालून फक्त टोप्या पानाला चिकटवायच्या. फोटो हवा तेव्हा बाहेर निघतो.

पातळ कागदाला फेविकॉल लावला तर त्यातल्या पाण्याने कागद सुरकुततो. तिथे ग्लूस्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. साधी सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. सुरतेच्या दमट हवेत स्टेपलरची पिन गंजते. वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो, म्हणून कात्रणाची झेरॉक्स लावावी. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठाही थेट फोटोला लागू देऊ नये, मधे पांढरा कागद घालावा. चांदीची किंवा तांब्याची जरी हवेने काळी पडते. ती फोटोपासून दूर ठेवावी. चमकीच्या प्लास्टिक जरीला ही अडचण नाही.

एसटीच्या मशिनमधून निघणारं तिकीट आणि एटीएमची पावती यांवरची छपाई उष्णतेने होते. वर्ष-दोन वर्षांत ती उडून कागद कोरा होतो. तिकिटाची आठवण ठेवायची तर त्याचीही झेरॉक्सच.

पाण्याची आठवण

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. अशा वेळी जीव आणि कागदपत्रं आधी वाचवली जातात. फोटो राहून जातात. म्हणून चिकटवही खाटेखाली किंवा जमिनीवरच्या पेटीत न ठेवता वरच्या फळीवर ठेवावी. प्रत्येक पूर्ण पानाचा मोबाइलवर फोटो काढून गावच्या नातेवाइकाला पाठवावा. एकच वस्तू दोन गावांत राहिली की ती एकदम नाहीशी होत नाही.

तरीही लॅबमध्ये छापलेले फोटो भिजून एकमेकांना चिकटले, तर कोरडे झाल्यावर ओढून काढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात भिजवून हळूहळू सुटे करावेत आणि चेहरा वर ठेवून सावलीत कपड्यावर सुकवावेत. घरच्या प्रिंटरवर शाईने छापलेल्या फोटोला हा उपाय चालत नाही, त्याची शाई पाण्यात पसरते.

शेवटी, पण पानावर सगळ्यात आधी

चिकटवहीचा छंद जगात जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने तर आधीच गोंद लावून ठेवलेल्या पानांच्या वहीचं १८७३ मध्ये पेटंट घेतलं होतं. पण वही कुठलीही असो, फोटोखाली नाव नसेल तर तीस वर्षांनी ते अनोळखी लोकांचं चित्र होतं. म्हणून प्रत्येक फोटोजवळ चार गोष्टी लिहाव्यात : कोण, नातं काय, गाव कुठलं, साल कोणतं. डावीकडून उजवीकडे क्रमाने नावं. साल नक्की माहीत नसेल तर 'धाकट्याच्या जन्माच्या आधी' असं लिहिलं तरी चालतं. मूळ फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, अजिबात न दाबता. बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरांचे उठाव चेहऱ्यावर येतात.

सुरुवातीला एवढंच करावं. रविवारी सुट्टीच्या दिवशी पेटीतले दहा फोटो काढावेत, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसावं आणि नावं लिहून घ्यावीत. लेस, टिकली, रंगीत कागद पुढच्या रविवारीही मिळतील. नावं सांगणारं माणूस मात्र आज घरात आहे, तोवरच हे काम होणार.